इडेला क्रोल तीनदा पडली तो शुक्रवार

पडद्यावर तिचं नाव नेल कॉलबी होतं. ते नाव कंपनीच्या ऑफिसात तिघा पुरुषांनी सँडविच खाता खाता ठरवलं आणि तिला कळलं ते पोस्टरं छापून आल्यावर. खरं नाव इडेला क्रोल. नेब्रास्कातल्या एका जर्मन शेतकऱ्याच्या सहा पोरींतली ही पाचवी. ओमाहाच्या रेडिओवर पहाटे साडेपाचला डुकरांचे आणि मक्याचे भाव सांगून झाले की ही दोन गाणी म्हणायची. आवाज खालच्या पट्टीतला, भरदार. ती कुणाला रिझवते आहे असं कधी वाटायचं नाही. चुलीपाशी उभी राहून स्वतःशीच काहीतरी आठवते आहे असं वाटायचं.

माझी तिची ओळख झाली अडतीस सालात, हॉलीवूडला. मी लेटी हॅस्किन. माझं काम वही सांभाळायचं. कुठल्या शॉटला टोपी डोक्यावर होती, पिस्तूल कुठल्या हातात होतं, कितवा टेक ठेवायचा आणि कितवा टाकायचा, हे सगळं मी लिहायची. दिग्दर्शकाच्या डाव्या हाताला पाठ नसलेल्या घडीच्या खुर्चीवर दिवसभर बसायचं आणि नजर हलवायची नाही. सगळे मला वहीवाली म्हणायचे.

कंपनीचं नाव ग्रेट बेसिन पिक्चर्स. नाव एवढं मोठं, पण मालमत्ता म्हणाल तर एक पत्र्याची शेड, दोन कॅमेरे आणि आवाज रेकॉर्ड करायची एक गाडी. सहा दिवसांत आख्खं पिक्चर. गाणाऱ्या काउबॉयचा तेव्हा सुकाळ होता. जो तो शेरीफ गिटार घेऊन फिरायचा. आमचे मालक म्हणाले, ‘‘सगळ्यांकडे गाणारा गडी आहे. आपण गाणारी बाई आणू. घोड्यावर बसेल, चोर पकडेल, आणि मध्ये मध्ये गाईल.’’ असं करून इडेला आली.

ती शेतावर वाढलेली. खोगीर नसलं तरी घोड्यावर बसायची. पण कंपनीनं तिला भरधाव घोड्यावर कधी बसू दिलं नाही. तिला काही झालं असतं तर पिक्चर अडकलं असतं. म्हणून जवळून इडेला आणि लांबून ड्यूई. ड्यूई प्रूइट हा तिचा डुप्लिकेट. पाच फूट चार इंचांचा, काटक, तिशीतला माणूस. तिच्यासारखाच झालरीचा घागरा घालायचा, पिवळा विग चढवायचा, आणि दोन शॉटच्या मधे त्याच अवतारात पाय फाकवून सिगारेट ओढत बसायचा.

मी सांगते आहे ते तिसऱ्या पिक्चरचं. ऑक्टोबरचा शेवट होता. आम्ही लोन पाइनला आऊटडोअरला गेलो होतो. गावामागे ते हत्तीच्या पाठीसारखे गोल खडक आहेत आणि त्यांच्या मागे पश्चिमेला बर्फाच्या डोंगरांची भिंत. त्या भिंतीमुळे तिथे दिवस लवकर संपतो. चार वाजून गेले की सूर्य डोंगराआड जातो आणि खडकांवर सावली चढायला लागते. ती एकदा आली की कॅमेरा झाकून ठेवायचा.

शुक्रवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, एक सीन राहिला होता. खलनायकाची माणसं नेलचा पाठलाग करतात, गोळी झाडतात. स्क्रिप्टमध्ये एवढंच लिहिलेलं होतं: ‘घोडी कोसळते. नेल खडकाआड.’

सकाळी सातला मी कॉफीचा कप घेऊन घोड्यांकडे गेले तर इडेला तिथे आधीच उभी होती. घोडे अ‍ॅम्ब्रोज टलीचे. सगळे त्याला पॉप म्हणायचे. पासष्टीचा माणूस, गुडघे वाकलेले, बोलणं कमी. तो क्लोव्हर नावाच्या घोडीच्या पुढच्या पायांशी बसला होता. पिवळसर अंगाची, काळ्या आयाळीची ती घोडी तिन्ही पिक्चरमध्ये नेलची म्हणून दिसत होती. पॉप तिच्या घोट्यांना चामड्याचे रुंद पट्टे बांधत होता.

‘‘पॉप, हे कसले पट्टे?’’ इडेलानं विचारलं.

‘‘आधाराला.’’

‘‘धडधाकट पायाला आधार कशाला?’’

पॉपनं पट्टा आवळला. तिनं खाली वाकून पाहिलं. पट्ट्याला एक पोलादी कडी होती. तिथून तिची नजर पुढे गेली. शंभरेक पावलांवर दोन माणसं जमीन खणून भुसभुशीत करत होती. अलीकडे एक जाड ओंडका जमिनीत गाडलेला, आणि त्याला तारेचं वेटोळं.

मला ते माहीत होतं. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच माहीत होतं. घोड्याच्या पुढच्या पायांना तार बांधायची, दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या ओंडक्याला. घोडा भरधाव सोडायचा. तार संपते तिथे पुढचे पाय पोटाखाली खेचले जातात आणि घोडा डोक्यावर उलटतो. पडद्यावर फार छान दिसतं.

‘‘उठतात का नंतर?’’ इडेलानं विचारलं.

‘‘काही उठतात,’’ पॉप म्हणाला.

‘‘आणि बाकीचे?’’

पॉपनं हनुवटीनं ट्रककडे खूण केली. ट्रकच्या पुढच्या सीटमागे बंदूक ठेवलेली असायची.

‘‘आणि तुम्ही हो म्हणालात?’’

तेव्हा त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. ‘‘पोरी, मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याचे घोडे आणतात. मग माझे सगळेच घरी बसतात. हिवाळा येतोय. हिला गेल्या वर्षी मीच मरणाच्या दारातून उठवून उभी केली होती, न्यूमोनिया झाला होता तेव्हा. मला नको सांगूस काही.’’

 इडेलानं आपल्या हातातल्या कपातली कॉफी जमिनीवर ओतली आणि सरळ दिग्दर्शकाकडे निघाली. मी मागोमाग.

व्हर्जिल स्ट्राउड हा उंच, पोक आलेला माणूस. पोटात अल्सर, त्यामुळे दिवसभर बाटलीतून दूध प्यायचा. तो कधी ओरडायचा नाही, आणि त्याची भीती वाटायची ती त्यामुळेच. जितका चिडायचा तितका आवाज खाली जायचा.

‘‘मिस्टर स्ट्राउड, ती तार काढा,’’ इडेला म्हणाली.

‘‘गुड मॉर्निंग, नेल.’’

‘‘तार काढा, नाहीतर मी उद्याचं गाणं गाणार नाही.’’

आजूबाजूची कामं थांबली. कुणीतरी हातातला हातोडा हळूच खाली ठेवला. शेवटचं गाणं शनिवारी होतं. ते नसतं तर पिक्चरला शेवटच नसता.

‘‘करार वाचला आहेस?’’

‘‘वाचलाय. घोडी मारायची असं त्यात कुठे लिहिलेलं नाही.’’

‘‘मारायची कोण म्हणतंय? पाडायची.’’ स्ट्राउडनं दुधाचा घोट घेतला. ‘‘घोडी पडली नाही तर तू खडकाआड कशी जाणार? मागच्यांना ‘जरा थांबा हं’ म्हणून खाली उतरणार का?’’

चारपाच जण हसले. इडेला लाल झाली, पण हलली नाही.

‘‘गोळी घोडीला कशाला लागायला हवी? मला लागू दे. दंडाला. मी पडते.’’

‘‘ड्यूई पडेल म्हण.’’

‘‘ड्यूई नाही. मी. म्हणजे तुम्हाला चेहरा मिळेल.’’

इथे स्ट्राउडनं बाटली खाली ठेवली. मी त्याच्या शेजारी तीन वर्षं बसलेले. चेहरा हा शब्द त्याला भिडला हे मला दिसलं. आमच्यासारख्या कंपनीत पडणाऱ्याचा चेहरा कधीच दिसत नसे. दिसायची फक्त पाठ आणि विग. धावत्या घोड्यावरून खरी नटी पडते आहे आणि तिचा चेहरा दिसतो आहे, असा शॉट मोठ्या कंपन्यांकडेही नव्हता.

त्यानं डोंगराकडे पाहिलं. मग अगदी हळू बोलला. मला ऐकायला पुढे वाकावं लागलं.

‘‘तीन टेक. सूर्य आत जाईपर्यंत. पडताना चेहरा कॅमेऱ्यात आला पाहिजे, स्वच्छ. नाही आला तर घोडीला तार, आणि उद्या तू तक्रार न करता गायचंस. ओंडका जिथे आहे तिथेच राहील. पट्टेही पायातच राहतील. कबूल?’’

‘‘कबूल.’’

‘‘आणि मालकांच्या कानावर यातलं काही गेलेलं मला चालणार नाही. लेटी, ऐकलंस ना?’’

‘‘ऐकलं,’’ मी म्हणाले.

सकाळभर पाठलागाचे बाकीचे शॉट झाले. दुपारच्या जेवणाला बीन्स आणि मक्याचा पाव होता. इडेलानं ताटाला हात लावला नाही. ती ड्यूईकडे गेली. तो ट्रकच्या सावलीत विग मांडीवर घेऊन बसला होता.

‘‘माझं आजचं काम खाल्लंस तू, बाई,’’ ड्यूई म्हणाला.

‘‘माहीत आहे. मला पडायचं कसं ते सांग.’’

‘‘वा! काम पण घे आणि वर शिकव पण म्हण. घागरा पण देऊ का?’’

‘‘घागरा माझाच आहे, ड्यूई.’’

तो हसला. सिगारेट विझवून त्यानं ती कानामागे खोचली आणि उठला. ‘‘बघ. पहिली गोष्ट, दोन्ही पाय रिकिबीतून आधीच काढायचे. आधी, कळलं? पडताना नाही. नुसती टाच टेकवून ठेवायची. श्वास सोडून द्यायचा. छाती भरलेली असली की बरगडी जाते. हनुवटी छातीला. हात पुढे करायचा नाही, काही झालं तरी. खांद्यावर पडून लोळायचं.’’

‘‘हनुवटी छातीला लावली तर चेहरा कसा दिसणार?’’

ड्यूईनं हातातला विग वर धरला. ‘‘नाही दिसणार,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणून तर आम्ही विग घालतो.’’

तरी त्यानं तिला अर्धा तास वाळूत लोळायला लावलं. मध्येच तो मला म्हणाला, ‘‘वहीवाली, मी अकरा वेळा तारेवर पडलोय. मला काही होत नाही. पण घोडा ओरडतो ना, तो कानातून जात नाही.’’

पहिला टेक एक वाजून दहा मिनिटांनी. क्लोव्हर खडकांच्या वळणावरून भरधाव आली, मागे तीन घोडेस्वार. ठरलेल्या झुडपापाशी बंदुकीचा बार झाला, इडेलानं दंड धरला आणि ती बाजूला कलंडली. ती जमिनीवर आपटली तेव्हा आवाज आमच्यापर्यंत आला. दोनदा लोळून ती उठून बसली आणि तिनं थुंकून तोंडातली माती काढली.

‘‘ओटिस?’’ स्ट्राउडनं कॅमेरामनला विचारलं.

‘‘टोपी तोंडावर आली.’’

मी लिहिलं: टेक एक, रद्द.

टोपी आता गळ्यातल्या दोरीनं पाठीवर सोडली. घोडे परत वळणापलीकडे नेले, धूळ बसायची वाट पाहिली, तिच्या घागऱ्याची फाटलेली झालर शिवली. दुसरा टेक अडीचला. या वेळी ती आधीपेक्षा जोरात पडली, आणि पडताना तिनं हात तोंडापुढे घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा तो आपोआप आला. कोपर सोलून निघालं होतं.

‘‘हात आडवा आला,’’ ओटिस म्हणाला. त्यालाही ते सांगताना जड जात होतं.

स्ट्राउड नुसतं म्हणाला, ‘‘एक राहिला.’’

मग कॅमेरा अडकला. आत फिल्म गुंडाळली गेली. फिल्मला उजेड लागू नये म्हणून ओटिस काळ्या पिशवीत हात घालून आंधळ्यासारखा चाचपत बसला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायची, मग डोंगराकडे. सूर्य बर्फाच्या कडेपासून हातभर वर होता. स्ट्राउडनं पॉपला हाक मारली आणि सांगितलं, ‘‘तार आणून जवळ ठेव. हा टेक झाला की लगेच बांधायची. वेळ मिळणार नाही.’’

पॉप तारेचं वेटोळं घेऊन आला आणि कॅमेऱ्यापासून वीस पावलांवर उभा राहिला. इडेला घोडीवर बसून होती. तिला ते दिसत होतं. कोपरावर बांधलेल्या फडक्यातून रक्त वर येत होतं आणि ती एका हातानं क्लोव्हरच्या मानेवर थोपटत होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. काय ते ऐकू आलं नाही.

चारला दहा कमी असताना ओटिस ओरडला, ‘‘झालं!’’

तिसरा टेक.

ती वळणावरून आली तेव्हाच मला वाटलं, वेग जास्त आहे. मागचे स्वार मागे पडले होते. बार झाला. इडेला कलंडली, खांदा खाली गेला, आणि डावा पाय वरच राहिला. रिकिबीत. पाय मोकळा करायला ती विसरली की तो निसटला नाही, कोण जाणे. घोडी बिथरली. पोटाला काहीतरी लटकतं आहे म्हणून ती आणखी जोरात सुटली आणि इडेला तिच्या बाजूनं फरफटत निघाली. सगळीकडे धूळच धूळ. मला फक्त एक बूट दिसत होता, उलटा.

‘‘थांबवा!’’ मी ओरडले. मी आयुष्यात पहिल्यांदाच सेटवर ओरडले होते. स्ट्राउड काही बोलला नाही. कॅमेरा चालूच होता.

घोडी खडकांकडे चालली होती. तिथे दोन खडकांच्या मधून जेमतेम एक घोडा जाईल एवढी फट. त्या फटीत शिरली असती तर इडेला दगडांवर आपटली असती. पॉपनं हातातली तार फेकली आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. लांब, चढत जाणारी. घोडीनं कान मागे घेतले आणि एक क्षण चाल मंदावली. तेवढ्यात ड्यूई घागरा कमरेला खोचून आडवा धावला आणि लगामाला लोंबकळला. घोडीनं त्याला दहाबारा पावलं ओढलं. मग ती थांबली, चारही पाय थरथरत.

पॉपनं रिकिबीचा पट्टाच सुरीनं कापला.

इडेला डोळे उघडे ठेवून पडली होती. श्वास घेताना तिच्या घशातून चिरका आवाज येत होता. मी धावणार, तोच स्ट्राउडनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘ओटिस?’’

ओटिसनं कपाळ पुसलं. ‘‘धूळ आहे. घोडी आली, पाय आला. चेहऱ्याचं मी शपथेवर नाही सांगू शकत.’’

स्ट्राउडनं डोंगराकडे पाहिलं. मीही पाहिलं. सूर्य बर्फाला टेकला होता. सात-आठ मिनिटं. तारेला तेवढी पुरली असती. घोडी तिथेच उभी होती, पट्टे पायात होते, ड्यूई विगसकट तयार होता.

‘‘लेटी,’’ स्ट्राउड इतक्या हळू म्हणाला की ते फक्त मला ऐकू आलं. ‘‘तुझी नजर कधी हलत नाही. चेहरा दिसला?’’

तिथे फिल्म धुवायची सोय नव्हती. धुतलेलं हॉलीवूडला मंगळवारी बघायला मिळायचं. तोवर खरं काय ते माझी वही ठरवणार होती. मी तीन वर्षं त्या वहीत एक खोटा शब्द लिहिला नव्हता. कुणाला वाचवायला नाही, कुणाला बुडवायलाही नाही. माझं पोट त्यावरच होतं. चूक करणारी वहीवाली दुसऱ्या दिवशी कुणाला नको असते.

मला चेहरा दिसला नव्हता.

‘‘दिसला,’’ मी म्हणाले. ‘‘पडतानाच. अर्धा सेकंद, पण स्वच्छ.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की.’’

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं नाही. मला वाटलं तो मनात आकडे मोजतो आहे आणि प्रत्येक आकड्याला सावली एकेक खडक खाते आहे.

‘‘लिही मग,’’ तो म्हणाला.

मी शाईनं लिहिलं: टेक तीन, उत्तम, ठेवणे. पॉपनं न विचारता घोडीचे पट्टे सोडले आणि ते ट्रकमध्ये भिरकावले.

मी इडेलापाशी जाऊन बसले तेव्हा तिनं डोळ्यांनीच विचारलं.

‘‘मिळाला,’’ मी म्हणाले.

गावातल्या डॉक्टरनं सांगितलं, तीन बरगड्या मोडल्या आहेत, खांदा सुजला आहे, महिनाभर झोपून राहा. शनिवारी सकाळी दहाला ती गवताच्या गंजीवर बसून गात होती. छातीला काखेपासून कमरेपर्यंत पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेला झालरीचा ब्लाऊज. गाणं आधी रेकॉर्ड करून ठेवण्याची ऐपत आमच्या कंपनीत नव्हती. जे गायचं ते तिथेच. तिला पूर्ण श्वास घेता येत नव्हता. दर तीन शब्दांनी थांबायची, हसरा चेहरा तसाच ठेवायची, आणि पुढचे तीन शब्द. गिटारवाला तिच्या तोंडाकडे बघत वाजवत होता. ती थांबली की तो थांबायचा. दुसऱ्या कडव्यापर्यंत आमच्यातलं कुणी हललं नाही. ‘‘ठीक आहे’’ म्हणून स्ट्राउड उठला, आणि ती गंजीवरून उतरली नाही, तिला उतरवावं लागलं.

मंगळवारी दुपारी शेडमागच्या छोट्या खोलीत धुतलेली फिल्म लावली. मालक पुढे सिगार घेऊन, स्ट्राउड त्यांच्या शेजारी, मी मागे.  पहिला टेक, टोपी. दुसरा, हात. मग तिसरा आला.

चेहरा कुठेच नव्हता. वळण, बार, एक पाठ, आणि मग धूळ. पण त्या धुळीतून ती फरफट दिसत होती. उलटा बूट, मातीत ओढला जाणारा पिवळा केसांचा झुबका, आणि बेभान घोडी. मालक खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या सिगारची राख पँटवर पडली.

‘‘हे काय आहे! परत लावा,’’ ते म्हणाले. परत लावलं. ‘‘व्हर्जिल, हे जाहिरातीत टाकायचं. ड्यूईला सांग, मालक खूश आहेत.’’

‘‘सांगतो,’’ स्ट्राउड म्हणाला.

बाहेर पडवीत त्यानं मला गाठलं. ‘‘चेहरा कुठे आहे, लेटी?’’

‘‘धुळीत असेल.’’

‘‘तू पाहिलास म्हणालीस.’’

‘‘म्हणाले.’’

तो खिशातून बाटली काढून दूध प्यायला. तोंड पुसलं. ‘‘सोमवारपासून येऊ नकोस,’’ तो म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. ज्या वहीवर भरवसा नाही ती शेजारी ठेवून पिक्चर बनवता येत नाही.

पिक्चर लागलं तेव्हा मी आणि इडेला ग्लेन्डेलला शनिवारच्या दुपारच्या खेळाला गेलो. थिएटरभर पोरंच पोरं, शेंगदाण्याच्या टरफलांचा खच. गाणं आलं की ओरडायची, गोळीबार आला की टाळ्या. फरफटीचा सीन आला तेव्हा थिएटर एकदम गप्प झालं. मग मागच्या रांगेतून एकजण शहाण्यासारखा म्हणाला, ‘‘हॅट! तो बाप्या आहे. विग बघ ना.’’

इडेलाला हसू आलं आणि ती बरगडी धरून पुढच्या खुर्चीवर वाकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते हसण्यानं की दुखण्यानं, मी विचारलं नाही.

चौथं पिक्चर झालंच नाही. छोट्या गावातल्या थिएटरवाल्यांची पत्रं यायला लागली की पोरांना हिरोच्या जागी मुलगी नको आहे, गाणी तर त्याहून नको. कंपनीनं करार मोडला. वर्षभरात कंपनीही मोडली. इडेलानं काही दिवस एका कॅफेटेरियात जेवणाच्या वेळी गाणी म्हटली. लढाई सुरू झाल्यावर ती विमानांच्या कारखान्यात पत्रे जोडायला लागली. मी एका टाइपिंगच्या ऑफिसात चिकटले. तारेचं म्हणाल तर ती पुढे आणखी काही वर्षं चालली. कुठल्या तरी मोठ्या पिक्चरमध्ये घोडे मेले, पेपरांत ओरड झाली, तेव्हा कुठे कमी झाली. पॉपनं त्या शुक्रवारनंतर कुणालाही तारेसाठी घोडा दिला नाही. त्याची गिऱ्हाइकं झपाट्यानं घटली, आणि त्यानं निम्मे घोडे विकले. क्लोव्हर ठेवली. हे मला ड्यूईनं सांगितलं.

लढाईनंतर इडेला बिशप गावी राहायला गेली. तिथल्या शाळेच्या बसड्रायव्हरशी लग्न केलं, शाळेत मुलांना गाणं शिकवायला लागली. छप्पन्न साली मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. दोघी स्वयंपाकघरात जर्दाळू सोलत होतो. मला राहवलं नाही.

‘‘इडेला, एक सांगायचं राहिलंय. तिसऱ्या टेकला मला चेहरा दिसला नव्हता. मी थाप मारली होती.’’

तिची सुरी थांबली नाही. ‘‘मला माहीत होतं.’’

‘‘ओटिसनं सांगितलं?’’

‘‘कुणी कशाला सांगायला हवं? मी तोंड फिरवलं होतं, लेटी. मुद्दाम नाही. जमीन जवळ आली आणि मी घाबरले. सकाळी एवढं बोलले होते सगळ्यांसमोर, आणि ऐन वेळी मान फिरवली. धुळीत ओढली जात होते ना, तेव्हा दुखत काहीच नव्हतं. डोक्यात एकच होतं. आपण तोंड फिरवलं, आता क्लोव्हरला तार बांधणार.’’ तिनं जर्दाळूची बी बाजूला टाकली. ‘‘मग तू येऊन ‘मिळाला’ म्हणालीस. मी मनात म्हटलं, ही बाई एक तर आंधळी आहे, नाहीतर नोकरीला मुकणार आहे.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’’

‘‘काय बोलणार? तुझी नोकरी माझ्या मानेपायी गेली, हे कुठल्या तोंडानं सांगू?’’

 मी म्हणाले, टाइपिंगच्या ऑफिसात पगार जास्त होता आणि खुर्चीला पाठ होती. ती हसायला लागली. तेवढ्यात बाहेर बसचा भोंगा वाजला. तिचा नवरा आला होता आणि त्याला जेवायची घाई होती. तिनं जर्दाळूचं भांडं माझ्याकडे सरकवलं, हात धुतले आणि बटाटे गरम करायला ठेवले.